घोडा पडला

लॉरीबाईंनी ती जागा नोरीनला पहिल्यांदा दाखवली, त्याआधी दोन तास नुसतं भटकवलं होतं. सरोवराच्या काठाने खाली, दलदलीला वळसा, मग चुनखडीच्या खडकावरून चढ, आणि उतरून बघावं तर पुन्हा तीच दलदल. नोरीनचे बूट ओले, मान डासांनी फोडून काढलेली, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाई काठी टेकत खुशाल पुढे. शेवटी सीडरच्या दाट रानात एका जागी त्या थांबल्या.

"आता पाय टाकशील तो बघून टाक," त्या म्हणाल्या.

नोरीनने बघितलं. बोटाच्या पेराएवढं ऑर्किडचं फूल. पांढऱ्या पिशवीवर जांभळट लाल जाळी, खाली निमुळतं टोक, दोन्ही बाजूंना पीळ दिलेल्या पाकळ्या. मान खाली घालून टक्कर द्यायला निघालेल्या मेंढ्याचं तोंड जसं. त्याचं पुस्तकी नाव लांबलचक आहे. बाई नुसतं 'मेंढा' म्हणत. एक दिसलं की दुसरं दिसे, मग तिसरं. त्या वर्षी सतरा होती.

"मला परत एकटीला येता येणार नाही," नोरीन म्हणाली. "वाट कुठे कळली मला?"

"कळू नये म्हणूनच फिरवली. पुढच्या वर्षी एक तास फिरवीन. तिसऱ्या वर्षी सरळ आणीन, तोवर तू टिकलीस तर." मग बाईंनी काठी रोवली. "कुणाला बोलायचं नाही. नवऱ्यालासुद्धा."

"मला नवरा नाही, बाई."

"मग निम्मं काम झालंच."

ऑर्किडवाल्यांची ही रीतच आहे. फूल सांगतील, जागा सांगणार नाहीत. एकमेकांच्या घरी जेवतील, एकमेकांच्या मयतीला जातील, पण कुठलं फूल कुठे उगवतं हे विचारलं की कानावर हात. कारण साधं आहे: कोणीतरी येतं, खुरप्याने उपटतं, घरी कुंडीत लावतं, आणि ते पंधरा दिवसांत मरतं. बी पडल्यापासून पहिलं फूल यायला त्याला दहा-बारा वर्षं लागलेली असतात.

नोरीन टॅगार्ट शाळेची बस चालवायची. चाळिशीत कॅनडातल्याच सडबरी शहरातून इकडे टॅन्सी हार्बर गावी आली, ती या नोकरीसाठी. सकाळी पोरं शाळेत सोडली की दुपारी परत आणायला जाईपर्यंत मधले पाच तास तिचे. त्या पाच तासांत ती फोटो काढायला शिकली. कोणी शिकवलं नाही. फाटलेल्या बससीटमधला फोम कापून तिने गुडघ्याखाली घ्यायची गादी केली होती, आणि ओल्या जागी ती टाकून फुलासमोर तास तास पडून राही. बसमधली पोरं विचारायची, "मिस टॅगार्ट, तुमच्या केसांत काय अडकलंय?" ती म्हणायची, "माझं शिक्षण."

गावाभोवतीच्या द्वीपकल्पावर ऑर्किडच्या बेचाळीस जाती तिने मोजल्या, आणि नऊ वर्षांत बेचाळीसच्या बेचाळीस टिपल्या. मग मनात आलं, याचं पुस्तक व्हावं. खिशात मावेल असं, पावसात भिजलं तरी चालेल असं. रानात उभं राहून पान उलटावं आणि पायापाशी बघून म्हणावं, अरे, हेच ते.

प्रकाशकांना ती पत्रं पाठवू लागली. सहा वर्षं पाठवत होती. एकाने कळवलं, विषय फार लहान आहे. दुसऱ्याने कळवलं, फार मोठा आहे. तिसऱ्याने काहीच कळवलं नाही, पण त्याच्याकडून दिवाळखोरीची नोटीस आली. त्याला कधीकाळी पत्र लिहिलेल्या सगळ्यांना ती गेली, त्यांत हिचंही नाव होतं. "स्वतःच छापून टाक की," लोक म्हणत. नोरीनला ते नको होतं. ती शिकलेली नव्हती, हे तिला रोज आठवायचं. कुणीतरी ज्याला कळतं त्याने वाचावं, चुका काढाव्यात आणि मग म्हणावं की हो, हे पुस्तक आहे. एवढंच तिला हवं होतं.

शेवटी टोरांटोतल्या एका जुन्या प्रकाशनाने होकार दिला. तिथला संपादक डेसमंड फोनवर इतकं हळू बोलायचा की नोरीन बसचं इंजिन बंद करून फोन घ्यायची.

"एकच राहिलंय," तो एकदा म्हणाला. "आपल्या पुस्तकात प्रत्येक जातीला तीन फोटो आहेत. फूल, पान आणि परिसर. वाचकाला कळायला हवं ना, कसल्या रानात बघायचं. एक्केचाळीस जातींना तिन्ही आहेत. मेंढ्याला परिसर नाही."

"त्याला नसला तर?"

"तर नेमकं सगळ्यात दुर्मीळ फूल अर्धवट. समीक्षक पहिलं तेच पान उघडतील. हे बघ, मॅनिटोबातल्या एकाकडे असा फोटो आहे. आपण त्याचा घेऊ."

मुखपृष्ठावर ओळ ठरली होती: 'सर्व छायाचित्रं लेखिकेची.' त्या ओळीवर तिचा जीव होता. सहा वर्षं नकार खाल्लेल्या माणसाला ही एक ओळ काय असते ते डेसमंडला सांगून कळलं नसतं.

"काही अडचण असेल तर बोल," तो म्हणाला.

"नाही. अडचण कसली? आहे माझ्याकडे."

होताच. मागच्या मे महिन्यात काढलेला. पुढे ओळीने सहा मेंढे, मागे सीडरचं एक म्हातारं झाड. त्याचं खोड जमिनीतून निघून आडवं वाकलेलं आणि दोन-तीन हात गेल्यावर पुन्हा आकाशाकडे वळलेलं. सकाळचं ऊन नेमकं त्या वाकणावर. त्याच्यावर बसून तिने कितीदा सँडविच खाल्लं होतं. रान सगळं सारखं, कोण ओळखणार? तरी शब्द दिला होता, म्हणून बाईंना विचारायचं तिने ठरवलं.

बाई तोवर वृद्धाश्रमात होत्या. सत्त्याऐंशी वर्षांच्या. सगळ्या गावाला शिकवलेलं. साठीतली माणसंसुद्धा त्यांच्या खोलीत शिरताना टोपी काढत. पण बाईंना आता कोण कुठला ते कळत नव्हतं. नोरीनला ओळखायच्या, निदान तिच्या बुटांना ओळखायच्या. दरवर्षी मे संपता संपता ती रानात मोजून यायची आणि थेट इथे यायची. बाई विचारायच्या, "किती?" ती आकडा सांगायची. मागच्या वर्षी एकवीस सांगितले, तेव्हा बाईंनी टाळी वाजवली होती.

नोरीनने फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. बाईंनी फुलांकडे बघितलंच नाही. त्यांचं बोट मागच्या झाडावर गेलं.

"घोडा," त्या म्हणाल्या.

"कुठला घोडा, बाई?"

"पडला. वादळात पडला. सगळ्यांना हेच सांगायचं हं. घोडा पडला." त्या एकदम कुजबुजल्या, वर्गात कॉपी करणाऱ्या पोरासारख्या. "मी सांगितलंय त्यांना."

लहानपणी घरी घोडा असेल, नोरीनला वाटलं. तिने त्यांचा हात थोपटला. "पडला बरं, पडला. बाई, हा फोटो पुस्तकात छापू का? जागा लिहिणार नाही. तुम्ही म्हणाल तर छापते."

"असंच सांगायचं," बाईंनी मान डोलावली. "शहाणी."

मान हलली ती कशासाठी, हे नोरीनला तेव्हाही पुरतं ठाऊक होतं. पण हलली होती. पार्किंगमध्ये गाडीत बसून ती बराच वेळ चावी न फिरवता राहिली, आणि घरी जाऊन फोटो पाठवून दिला. खाली ओळ लिहिली: 'ठिकाण मुद्दाम दिलेलं नाही.'

पुस्तक पुढच्या वसंतात आलं. मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या लांब सुट्टीत, शनिवारी, गावाच्या वाचनालयाच्या तळघरात समारंभ ठेवला. इथे सुट्टीची घरं असलेली शहरातली कॉटेजवाली मंडळीही आलेली होती. अंड्याची त्रिकोणी सँडविचेस, बटर टार्ट, मोठ्या पिंपात चहा. बस चालवणारीने पुस्तक लिहिलं म्हणून माणसं कौतुकाने आली होती. ऑर्किडशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. नोरीनने नवा शर्ट घातला होता, त्याची घडी पाठीवर तशीच उमटलेली. ती भिंतीवर एकेक फोटो दाखवत होती. लोक मान हलवत होते, मधूनच टार्ट उचलत होते.

मेंढ्याचं पान भिंतीवर आलं. सहा फूट उंच.

"थांब, थांब!" मागून आवाज आला. मर्व्ह हेपबर्न, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. बासष्ट वर्षांचा गडी खुर्चीवरून उठलाच. "अगं ते पुढे नेऊ नकोस. अरे, बघताय काय? घोडा!"

मग एकदम गलका.

"आपला घोडा?"

"तोच रे! ते वाकण बघ. माझी पँट फाटली होती तिथे."

"पण तो तर पडला होता. बाईंनीच सांगितलं."

"वादळात पडला म्हणाल्या होत्या. पन्नास वर्षं झाली!"

"म्हणजे लॉरीबाई खोटं बोलल्या?" मर्व्हने छातीवर हात ठेवला. "मी एकदा खोटं बोललो तर मला आठवडाभर कोपऱ्यात उभं केलं होतं त्या बाईने. आणि स्वतः आख्ख्या शाळेला टोपी घातली?"

सगळं तळघर हसलं. नोरीनला मात्र हसू येईना. पोरं दर वसंतात त्या झाडावर बसायला जायची. बाई त्यांना घेऊन जायच्या. मग एका वसंतात बाईंनी खाली बघितलं असणार, आणि मग घोडा वादळात पडला असणार. 'मी सांगितलंय त्यांना.' म्हातारीने तिच्याजवळ सगळं बोलून दाखवलं होतं, आणि हिने तिचा हात थोपटला होता.

"तिकडे आता वाट नाही," नोरीन घाईघाईने म्हणाली. "दलदल आहे. आणि अस्वलं."

"अस्वलं माझ्या दुकानातून आमिष घेऊन जातात," मर्व्ह म्हणाला. "उधारीवर. वाट आम्हाला ठाऊक आहे, तू काळजी करू नकोस. जुन्या शाळेच्या मागून वीस मिनिटं."

पुढच्या रांगेत मर्व्हची थोरली बहीण कोरा बसली होती. ती हसत नव्हती. भिंतीकडे बघत म्हणाली, "माझ्याकडे फोटो आहे. मी पुढे आणि आमचा जिमी माझ्या मागे, माझी वेणी धरून. तो सरोवरात बुडाला त्याच वर्षीचा." तिने नाक पुसलं. "मला वाटलं होतं, ते झाडही गेलं."

इथे बोलायचं होतं. नोरीनने पुढे शंभरदा त्या क्षणाकडे वळून बघितलं. एवढंच म्हणायचं: जा, पण झाडापाशी खाली बघून पाय टाका, ही फुलं तिथेच आहेत. चाळीस माणसं, सगळी बाईंची पोरं. त्यांनी ऐकलं असतं. पण तोंड उघडायचं नाही, हे चौदा वर्षं हाडात मुरलेलं. शहरातले दोघंतिघं अनोळखी मागे उभे होते, गळ्यात कॅमेरे अडकवून. तिने रिमोटचं बटण दाबलं आणि पुढचं फूल आणलं.

समारंभ संपल्यावर अठ्ठ्याऐंशी प्रतींवर तिने सही केली. मर्व्हने पाच घेतल्या. "तू आमचा घोडा परत आणलास, नोरीन," तो म्हणाला आणि तिच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की पेन पानावर घसरलं.

रविवारी पहाटे ती रानात गेली. वाटेवर फांद्या टाकून अडवावं, असा काहीतरी विचार होता. मेंढे नुकतेच वर आले होते, चार-चार बोटं, पानांच्या घडीत कळ्या. तिने मोजले. तेवीस. इतके कधीच आले नव्हते. ती फांद्या ओढतच होती की शाळेच्या बाजूने माणसांचे आवाज आले, आणि चोरी केल्यासारखी ती दगडाआड गेली.

मर्व्ह पुढे, हातात करवत. वाटेतल्या फांद्या कापत आलेला. मागे त्याची मुलगी, जावई, तीन नातवंडं. कोरा जावयाच्या हाताला धरून. थर्मास, टोपली, घडीची खुर्ची.

मर्व्ह झाडासमोर उभा राहिला. मग त्याने खोडावर हात ठेवला, जनावराच्या मानेवर ठेवावा तसा. "म्हातारा झालास रे," तो म्हणाला.

"आजोबा, तुम्ही पण झालात," नातवंड म्हणालं.

पोरं वर चढली. उतरली. पुन्हा चढली. कोराला दोघांनी उचलून बसवलं. तिने मागे हात नेऊन रिकाम्या जागेवर ठेवला, आणि तिचा तसाच फोटो निघाला. फोटो काढणाऱ्याला सगळं चित्रात मावेना म्हणून तो मागे सरकत गेला. नोरीनने जिथे फोमची गादी टाकली होती, बरोब्बर तिथे. एक पाऊल, आणखी एक. चांगला फोटो हवा तर उभं राहायची जागा ती एकच होती. तिनेच शोधून काढली होती.

उठावं, ओरडावं. ती उठली नाही. कोरा तिथे वर बसून हसत होती, आणि नोरीन दगडाआडून माणसांचे पाय मोजत राहिली.

दुपारपर्यंत आणखी दोन कुटुंबं आली. सोमवारी अकरा.

मे संपला. मर्व्हने तिला बसमधून उतरताना गाठलं. त्याच्या हातात पुस्तक होतं, मेंढ्याच्या पानावर बोट. दोन दिवस ते उघडून बसला असावा.

"ही फुलं," तो म्हणाला, "ती तिथलीच ना? झाडापाशीच?"

"हो."

"म्हणजे आपण..." त्याने खाली स्वतःच्या बुटांकडे बघितलं. "त्यासाठीच बाईंनी आम्हाला फसवलं होतं?"

"हो."

"अगं, मग तू बोलायचंस की! त्या वेळी शाळेतली पोरं होतो आम्ही, ऐकलं नसतं. आता मी साठी ओलांडलेला घोडा आहे. त्या रविवारी मी अनवाणी गेलो असतो."

मर्व्हने त्याच संध्याकाळी दुकानातली तार आणि खुंट नेऊन वाटेच्या तोंडाशी कुंपण घातलं. कुणाकडे पैसे मागितले नाहीत, कारणही सांगितलं नाही. डेसमंडचा फोन आला, पहिली आवृत्ती संपत आलीय, दुसरी काढू. तिने सांगितलं, परिसराचा तो फोटो काढून टाक, मॅनिटोबाचा घे, आणि मुखपृष्ठावरची ती ओळही काढ. तो नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला, "मी तेव्हा विचारलं होतं तुला."

"विचारलं होतंस," ती म्हणाली.

मग ती रानात जाऊन मोजून आली आणि तशीच वृद्धाश्रमात गेली. वाटेत ठरवलं होतं, तेवीस सांगायचे. आले होते तेवीसच. ते काही खोटं नव्हतं. बाई टाळी वाजवतील. कोणाचं काय जातंय?

बाईंनी आधी तिचे बूट बघितले. त्यांचे डोळे उजळले.

"किती?"

नोरीनने तोंड उघडलं. ज्या बाईने एका फुलापायी गावाशी पन्नास वर्षं खोटेपणा निभावला, तिच्याशी खोटं बोलायला तिची जीभ वळेना.

"दोन," ती म्हणाली.

खिडकीबाहेर कोणीतरी गवत कापत होतं. बाईंनी हात पुढे केला आणि नोरीनच्या मनगटावर ठेवला.

"पावसाने ओढ दिली असेल," त्या म्हणाल्या. "ती बसतात कधी कधी जमिनीखाली. वर्ष, दोन वर्षं. रुसलेल्या पोरासारखी. मग येतात. तू मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. तुझा काय दोष?"

नोरीन मान खाली घालून बसली. आयाने चहा आणून ठेवला. टेबलावर पुस्तक होतं, नोरीनने दिलेली पहिली प्रत. बाईंनी ते ओढून घेतलं, पानं उलटली.

"कुणाचं गं हे?"

"माझं, बाई."

"छान आहे. चुका नाहीत." पानं उलटत त्या मेंढ्याच्या पानावर आल्या आणि त्यांचं बोट झाडावर गेलं. चेहरा एकदम सावध झाला. दाराकडे बघून त्या कुजबुजल्या, "घोडा. पडला ना?"

"पडला, बाई."

"सगळ्यांना तेच सांगितलंस ना?"

"तेच सांगितलं."

"शहाणी." त्या समाधानाने मागे टेकल्या. थोडा वेळ डोळे मिटून होत्या. मग उघडले, तिच्या बुटांवर गेले आणि पुन्हा उजळले.

"रानातून आलीस वाटतं? किती?"

नोरीनने कप खाली ठेवला.

"दोन," ती म्हणाली.